कांदळवनाचा कर्ता कोण?

वडगाव निंबाळकरास ‘कालवे’ म्हटले की नीरेचे पाणी शेतांवर नेणारे कालवे डोळ्यांपुढे येतात. वेंगुर्ल्याच्या खारफुटीत त्याच शब्दाने शिंपल्यांत राहणारे, खावयाचे जलचर ओळखले जातात. अर्थ दोन, प्रश्न मात्र एकच. ज्यांचा निर्वाह या संपत्तीवर होतो, त्यांना तिच्या व्यवस्थेत अधिकार कोणता? शासकीय मराठीत याची दोन भिन्न उत्तरे आढळतात. त्यांचा विचार येथे कर्तव्य आहे.

२००५ च्या सिंचनविषयक अधिनियमाच्या नावातच ‘शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन’ असे शब्द आहेत. ‘कडून’ या शब्दयोगी अव्ययाने शेतकरी कर्तृपदी बसला. आणि पाणीवापर संस्थेस मोजून पाणी घेण्याचा, ते सभासदांत वाटण्याचा व पट्टी आकारण्याचा अधिकार देऊन अधिनियमाने त्या अव्ययास काही आधारही दिला.

२०१७ च्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेची परिभाषा निराळी आहे. तीत ‘सहव्यवस्थापन समिती’ आहे. परंतु खेकडे वा कालवे पाळणारा तोच ग्रामस्थ पुढे ‘लाभार्थी’ होतो. गटास खर्चाच्या ९० टक्के व व्यक्तीस ७५ टक्के साहाय्य ही तरतूद सामुदायिक उद्योगास अनुकूल आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि लाभार्थी हा संप्रदानाचा धनी होय : त्याला दिले जाते, त्याच्याकडून ठरविले जात नाही.

यावर आक्षेप येईल, की पाण्याप्रमाणे कांदळवन वाटता येत नाही. त्याच्या मुळांच्या आश्रयाने वाढलेली मासळी दूरच्या कोळ्याच्याही जाळ्यात जाते. आक्षेप रास्त आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ व २०१८ मध्ये कांदळवनाच्या तोडीस प्रतिबंध केला, तो रक्षणाचे दायित्व शासनावर ठेवूनच. परंतु रक्षणाचा भार शासनाने वाहणे निराळे आणि योजना आखताना गावाचा शब्द गौण मानणे निराळे.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत होडीतून कांदळवनाची सफर घडविणाऱ्या महिलांच्या बचतगटाचे नाव ‘स्वामिनी’ असे आहे. शासकीय परिभाषेहून हे नाव आम्हांस अधिक अर्थपूर्ण वाटते. समितीच्या संमतीवाचून खाडीचा कोणताही आराखडा मंजूर होऊ नये, असा निःसंदिग्ध नियम हवा. तसे झाले तरच ‘सहव्यवस्थापन’ या समासातील ‘सह’ सार्थ ठरेल. एरव्ही ते पद केवळ शोभेचे.