सज्जातली भाषा आणि नाक्यावरची भाषा

साठोत्तरी साहित्यातील रस्त्याविषयी बोलताना आपली समीक्षा बहुधा आशयाच्या धीटपणापाशीच थांबते. तो रस्ता कोणाच्या भाषेत उभा राहतो, हा प्रश्न मागे पडतो. अँडी वॉरहॉलचा ‘माय हसलर’ हा भूमिगत चित्रपट आणि भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ ही कादंबरी, दोन्ही १९६५ सालची. त्यांत प्रभावाचा संबंध शोधणे व्यर्थ आहे. प्रश्न मात्र दोन्हींना सारखाच विचारता येतो.

न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडवर चित्रित झालेल्या या कृष्णधवल चित्रपटाच्या केंद्रस्थानी देहविक्रय करणारा एक तरुण आहे. पूर्वार्धात तो वाळूवर पहुडलेला दिसतो. त्याला पैसे मोजून बोलावणारा प्रौढ गृहस्थ आणि त्याच्या भोवतीची मंडळी घराच्या सज्जातून त्याच्याविषयी बोलतात, त्याच्यावरून पैज लावतात. कॅमेरा त्याच्यापर्यंत पोहोचतो, आवाज सज्जातलाच राहतो. उत्तरार्धात अरुंद न्हाणीघर आणि जवळजवळ निश्चल कॅमेरा. तेथे धंद्यात मुरलेला एक जण या नवख्याशी त्या व्यवहाराविषयी आडवळणाने बोलत राहतो. प्रेक्षक कंटाळतो, पण तो कंटाळा हीच या चित्रपटाची रीत आहे. जे केवळ पाहिले जात होते ते आता आपापसांत बोलू लागतात.

‘वासूनाका’तील पोरे देह विकत नाहीत, उनाडक्या करतात. त्यांचा निवेदक सज्जात बसत नाही, तो त्यांच्यातलाच आहे. उद्धव शेळके यांनी ‘धग’मध्ये (१९६०) निवेदन प्रमाणभाषेकडे आणि संवाद वऱ्हाडीकडे सोपवले, पाध्ये ही सीमारेषाच पुसतात. आचार्य अत्र्यांनी अश्लीलतेवरून या कादंबरीवर झोड उठवली. माझ्या मते खरा धक्का निवेदकाने सभ्य भाषेचा आश्रय सोडला, याचा होता. अमरावती-अकोल्याकडच्या विद्यार्थ्याला तर ही मुंबईची बोली परकीच. तिचा अर्थ सांगणारा प्रमाणभाषिक निवेदकही येथे सोबतीला नाही.

तरीही ‘वासूनाका’ची मर्यादा येथेच आहे. नाक्यावरची पोरे स्वतःच पाहणारी आहेत आणि वाळूवरच्या तरुणाची जागा मुलींनी घेतली आहे. त्यांची होरपळ कादंबरीत जाणवते, पण ती पोरांच्या बोलण्यातूनच. त्यांच्या वाट्याला चित्रपटातल्यासारखा उत्तरार्ध येत नाही. ‘धग’चे तंत्र जुन्या वळणाचे, निवेदक अंतर राखून असलेला, पण कौतिक भांडते, राबते, मोडते, आणि बोलते ते स्वतःच्या वऱ्हाडीत.