नमुना उत्तर आणि स्वतःचे मत : परदेशी शिक्षणासाठीच्या इंग्रजी परीक्षेच्या तयारीची चिकित्सा

प्रस्तावना :
उच्च शिक्षणासाठी इंग्रजीभाषक देशांत जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला प्रवेशापूर्वी आपले इंग्रजी सिद्ध करावे लागते. त्यासाठी घेतल्या जाणाऱ्या परीक्षांपैकी टोफेल १९६४ साली, तर आयईएलटीएस सध्याच्या नावाने १९८९ साली सुरू झाली. या परीक्षांच्या तयारीभोवती आज एक स्वतंत्र वाङ्मयच उभे राहिले आहे. शब्दसूची, वाक्यांचे तयार साचे आणि नमुना निबंधांचे संग्रह ही त्याची प्रमुख अंगे होत. प्रस्तुत लेखात त्यांपैकी नमुना निबंधाचा चिकित्सक विचार करावयाचा आहे. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी या परीक्षेत अडतो तो केवळ इंग्रजीमुळे नव्हे. एखाद्या प्रश्नावर स्वतःची भूमिका घेऊन ती लेखनातून सिद्ध करण्याची सवय त्याला कोणत्याच भाषेत लागलेली नसते आणि नमुना निबंध ही उणीव भरून काढण्याऐवजी झाकून ठेवतो, असे येथील प्रतिपादन आहे.

परीक्षा काय मागते :
आयईएलटीएसच्या शैक्षणिक लेखनपरीक्षेत ६० मिनिटांत दोन कृती कराव्या लागतात. पहिल्या कृतीत एखादा आलेख, तक्ता किंवा आकृती पाहून किमान १५० शब्दांत तिचे वर्णन करावयाचे असते. दुसरी कृती म्हणजे किमान २५० शब्दांचा निबंध. गुणदानात दुसऱ्या कृतीचे वजन पहिलीच्या दुप्पट असते. निबंधाचे मूल्यमापन चार निकषांवर होते : विचारलेल्या प्रश्नाला दिलेला प्रतिसाद, मांडणीतील सुसंगती, शब्दसंपत्ती आणि व्याकरणाचा आवाका व अचूकता. म्हणजे निम्मे निकष भाषेचे आहेत, तर उरलेले निम्मे विचाराचे आणि त्याच्या मांडणीचे आहेत. तयारीचा बहुतेक वेळ मात्र भाषेच्या निकषांवरच खर्च होतो.

परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी गुणश्रेणींची वर्णने प्रसिद्ध केली आहेत. वरच्या श्रेणीसाठी लेखकाची भूमिका स्पष्ट आणि विकसित झालेली असावी, अशी त्यांत अपेक्षा आहे. जोडशब्दांचा यांत्रिक वापर हा त्यांत दोष मानला आहे. संपूर्ण उत्तर पाठ केलेले असल्याचे सिद्ध झाल्यास तर शून्य श्रेणीची तरतूद आहे. ही वर्णने कोणालाही वाचावयास उपलब्ध असताना तयारी नेमकी उलट दिशेने का होते, हा खरा प्रश्न आहे.

नमुना निबंधाचे स्वरूप :
नमुना निबंधाचा सांगाडा बहुधा ठरलेला असतो. आजच्या युगात हा विषय वादग्रस्त ठरला आहे, असे पहिले वाक्य. काहींना असे वाटते, तर काहींना तसे, हे दुसरे. मग दोन्ही बाजूंसाठी एकेक परिच्छेद, प्रत्येकाच्या आरंभी 'मोअरओव्हर' किंवा 'फर्दरमोर', आणि अखेरीस समतोल साधणारा समारोप. शहरीकरण, दूरचित्रवाणी, प्राणिसंग्रहालय, कर, कोणताही विषय या सांगाड्यात बसतो. आणि कोणताही विषय बसतो म्हणूनच तो कोणत्याही विषयाबद्दल काहीच सांगत नाही. विद्यार्थ्याला वाटते की आपण निबंध शिकलो. प्रत्यक्षात तो निबंधाची चौकट शिकलेला असतो आणि चौकटीत काय ठेवावे, हा प्रश्न परीक्षेच्या दिवसापर्यंत पुढे ढकललेला असतो.

पहिल्या कृतीतही हेच घडते. आलेखातील प्रत्येक आकडा क्रमाने उतरवून काढणारा विद्यार्थी कष्टाळू असतो, पण त्याचे उत्तर खालच्या श्रेणीत राहते. काय वाढले, काय घटले, कोठे दिशा बदलली, हे एका-दोन वाक्यांत सांगणारा गोषवारा तेथे हवा असतो. कोणता आकडा महत्त्वाचा आणि कोणता सोडून द्यावयाचा, हे ठरवणे म्हणजेच मत बनवणे होय.

'शाप की वरदान'ची सवय :
या सवयीचे मूळ शिकवणीवर्गात शोधणे अपुरे ठरेल. ते आपल्या शालेय निबंधलेखनात आहे. 'विज्ञान : शाप की वरदान' हा विषय मराठी शाळेतून गेलेल्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. या शीर्षकातच वाद आहे आणि विद्यार्थ्याला बाजू घेण्याचे आमंत्रणही आहे. परंतु बहुतेक निबंध विज्ञान स्वतः शाप नाही आणि वरदानही नाही, ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे, या ठरीव वाक्यावर संपतात. हे वाक्य चुकीचे नाही. मात्र ते लिहिण्यासाठी विज्ञानाचा विचार करावा लागत नाही. दहा वर्षे अशा समारोपावर गुण मिळवलेला विद्यार्थी दोन्ही मतांची चर्चा करून स्वतःचे मत सांगा, या इंग्रजी सूचनेसमोर येतो, तेव्हा सूचनेचा पूर्वार्ध त्याला ओळखीचा वाटतो आणि उत्तरार्ध त्याला दिसतही नाही.

वास्तविक मराठी निबंधाची परंपरा अशी नव्हती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची १८७४ साली सुरू झालेली 'निबंधमाला' किंवा आगरकरांचा १८८८ मधील 'सुधारक' यांतील लेखनाशी वाचकाचा मतभेद होऊ शकतो, पण लेखकाचे मत काय, याविषयी संभ्रम राहत नाही. तो निबंध वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासक्रमात राहिला आणि उत्तरपत्रिकेतून मात्र हद्दपार झाला.

एक जुने उदाहरण :
या संदर्भात आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण बोलके आहे. वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला जाण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, त्यांनी बंगालमधील सेरामपूर येथे इंग्रजीतून जाहीर भाषण केले. तेव्हा त्यांनी वयाची अठरा वर्षेही पूर्ण केली नव्हती. लोक आपल्याला जे प्रश्न विचारतात तेच त्यांनी एकामागून एक घेतले : अमेरिकेलाच का जावयाचे, हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय, एकटीने का जावयाचे, परतल्यावर समाज बहिष्कार घालणार नाही काय. प्रत्येक आक्षेप मांडून त्यांनी त्याचे उत्तर दिले. येथेही दोन्ही बाजू आहेत; परंतु दुसरी बाजू समतोलाच्या देखाव्यासाठी आलेली नसून वक्तीला तिच्याशी खरोखर झुंजावयाचे आहे. हे सामर्थ्य शब्दसूचीतून येत नाही. आपण का जात आहोत, हे त्यांना ठाऊक होते, आणि इंग्रजी त्या निश्चयाच्या मागून आली.

परीक्षेची मर्यादा :
या विवेचनाचा अर्थ परीक्षा निर्दोष आहे असा नव्हे. सुमारे ४० मिनिटांत, कोणताही ग्रंथ समोर नसताना, अनपेक्षित विषयावर लिहावयास सांगणे हे विद्यापीठीय लेखनापासून बरेच दूर आहे. अशी कृती साच्यांना आपणहून आमंत्रण देते. टोफेलने जुलै २०२३ पासून आपला स्वतंत्र दीर्घ निबंध काढून टाकला आणि त्याजागी वर्गचर्चेत भर घालणारे छोटे लेखन आणले. मात्र तेथेही सहाध्यायांची मते वाचून स्वतःचे म्हणणे मांडावेच लागते. म्हणजे परीक्षेचे रूप बदलले तरी तिची मूळ मागणी टिकून आहे.

शिवाय साच्यांच्या बळावर अपेक्षित श्रेणी मिळाली, तरी प्रश्न सुटत नाही. परदेशी विद्यापीठातील पहिल्याच सत्रात वाचलेल्या ग्रंथांवर टिपण लिहावे लागते, आणि तेथे पाठ केलेल्या मजकुराला वाङ्मयचौर्य म्हणतात. आयईएलटीएसचे शुल्क पंधरा हजार रुपयांहून अधिक आहे आणि निकाल दोनच वर्षे ग्राह्य धरला जातो. शिष्यवृत्तीच्या आधारे घरातून प्रथमच परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याला फसव्या तयारीची किंमत दोनदा मोजावी लागते : एकदा परीक्षाकेंद्रात आणि पुन्हा परक्या देशातील वर्गात.

निष्कर्ष :
यावरून तयारीचा क्रम बदलला पाहिजे, असे म्हणता येते. प्रश्न वाचल्यावर पहिली पाच मिनिटे विद्यार्थ्याने आपले मत एका वाक्यात ठरवावे. सरावाच्या काळात ते वाक्य मराठीत लिहावयास हरकत नाही. त्या मतावरील सर्वांत बळकट आक्षेप शोधावा, त्याचे उत्तर द्यावे आणि मगच इंग्रजी वाक्यांकडे वळावे. मात्र मराठी परिच्छेद लिहून त्याचे भाषांतर करू नये. मराठी वाक्य क्रियापदावर संपते, इंग्रजीत ते कर्त्यालगत येते. मराठीत उपपदे नाहीत, इंग्रजीत ती टाळता येत नाहीत. विचार मराठीत पक्का व्हावा, वाक्य मात्र इंग्रजीतच जन्मावे.

आणि ही तयारी परीक्षेच्या तीन महिने आधी सुरू होऊन भागणार नाही. ती शाळेत, मराठीच्या तासाला सुरू व्हावयास हवी. 'शाप की वरदान' हा विषय बदलण्याची गरज नाही. त्याखाली विद्यार्थ्याने काहीतरी एक निवडले आणि ते सकारण पटवून दिले, तर त्या निवडीला गुण देणारा परीक्षक तेवढा हवा.