दुखण्याशेजारचे माणूस

आपल्या सभेच्या एका बैठकीत 'आजार आणि साहित्य' हा विषय चर्चेला होता. व्हर्जिनिया वुल्फ यांच्या 'ऑन बीइंग इल' या १९२६ मधील निबंधाचा उल्लेख तेथे होणे स्वाभाविकच होते. प्रेम, युद्ध, मत्सर यांना साहित्यात जे स्थान आहे ते आजाराला का नाही, आणि एवढ्या समृद्ध इंग्रजीला साध्या डोकेदुखीसाठी शब्द का सापडू नयेत, अशी त्यांची तक्रार आहे. त्यावर वक्त्यांनी अभिमानाने सांगितले की मराठीची स्थिती तशी नाही. कळ, ठणका, सणक, चमक, उसण, शिणक, ठसठस, रग! टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी येताना मात्र वाटू लागले की अडचण शब्दांची नव्हेच.

हे म्हणण्याचा अधिकार मला अनुभवाने आला आहे, म्हणून तेवढ्यापुरते घरातले सांगते. माझे यजमान पिथमपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. २००१ साली उचलयंत्राची साखळी निसटली. अंगावर येणारा ओतीव लोखंडाचा भाग चुकवताना ते पडले आणि कमरेच्या मणक्याला मार बसला. हाड जुळले, दुखणे राहिले. इंदूरच्या दवाखान्यांत त्या सगळ्याला 'दर्द' एवढा एकच शब्द. (हिंदीत टीस आहे, कसक आहे, पण त्या गझलेत राहतात, केसपेपरवर येत नाहीत.) घरात त्यांनी 'सणक' म्हटले की मी एक करते, 'रग' म्हटले की दुसरे. तरीही त्यांच्या शब्दामागे काय आहे ते मला कधीच दिसत नाही. एलेन स्कॅरी यांनी 'द बॉडी इन पेन' (१९८५) या ग्रंथात नेमके हेच मांडले आहे: ज्याला दुखते त्याच्या दृष्टीने वेदनेइतके निःसंशय काही नसते, आणि ऐकणाऱ्याच्या दृष्टीने तिच्याइतके संशयास्पदही काही नसते. या मांडणीत मला एक माणूस गळालेले दिसते. ज्याला खात्री कधीच मिळणार नाही आणि संशय घेणे परवडणार नाही, असे दुखण्याशेजारचे माणूस. रोज सकाळी त्याला पुराव्यावाचून विश्वास ठेवावा लागतो. काही सकाळी तो ठेवला जात नाही.

कायद्यालाही हे माणूस दिसलेले नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर तीस टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर पन्नास टक्के, असे कोष्टक होते. कोष्टकात न बसणाऱ्या इजेसाठी कमाईची शक्ती किती घटली ते डॉक्टरने ठरवायचे. तुटलेले मोजता येते. दुखणारे कशाने मोजणार? आणि पत्नी? 'आश्रित' या शब्दाची त्या कायद्यातली व्याख्याच मृत कामगाराच्या नातलगांपुरती होती. म्हणजे विधवा झाल्याखेरीज तिचा प्रवेश नाही. २०२५ च्या नोव्हेंबरपासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे.

आमच्या कथापरंपरेचे वर्तन फारसे वेगळे नाही. सावित्री पतीला मृत्यूकडून परत आणते. सुकन्येच्या जराजर्जर च्यवनाला अश्विनीकुमार तारुण्य देतात. सेवेचे फळ म्हणजे सुटका, हे ठरलेलेच. जो मेला नाही आणि बराही झाला नाही, त्याच्या बायकोने तेविसाव्या वर्षी काय करावे, हे कोणत्याही व्रतकथेत नाही. आधुनिक मराठीत मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा'पासून नारायण सुर्व्यांच्या कवितेपर्यंत आणि तेथून जयंत पवारांच्या 'अधांतर'पर्यंत (१९९७) गिरणी, संप, बेकारी आली. गिरणी बंद पडल्यावर घरे कशी मोडतात तेही आले. पण घरात आडव्या पडलेल्या कामगाराजवळ बसलेली बाई मला तरी मध्यभागी भेटली नाही.

ती मला भेटली डी. एच. लॉरेन्स यांच्या 'सन्स अँड लव्हर्स' (१९१३) या कादंबरीत. वॉल्टर मोरेल हा कोळसा खाणीतला कामगार. दगड कोसळून त्याचा पाय चिरडतो आणि त्याला नॉटिंगहॅमच्या इस्पितळात नेतात. निरोप येताच बायको कापत कापत निघते. इतक्या घाईत, की पायांत स्वयंपाकघरातले, मुलाचे जुने, पुढून झिजलेले बूट तसेच राहतात; आणि परत आल्यावर तिला त्यांचीच लाज वाटते. पायाची हाडे बाहेर आली आहेत आणि बाई बुटांविषयी बोलते आहे! ज्याने हे लिहिले त्याने अशा दिवशी घरात काय बोलले जाते ते ऐकलेले असले पाहिजे. लॉरेन्सचे वडील खाणकामगार होते.

पुढे लॉरेन्स जे लिहितो ते मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. नवऱ्याच्या शुश्रूषेत ती स्वतःला झिजवायला तयार आहे. शक्य असते तर तिने त्याचे दुखणेही अंगावर घेतले असते. पण जेथे प्रेम असायला हवे तेथे आत कोठेतरी रिकामे आहे, आणि तिला सर्वांत जास्त बोचते ते हेच. लॉरेन्स तिला दोष देत नाही, तिची थोरवीही गात नाही. खाणीकडून आठवड्याला चौदा शिलिंग, आजारमंडळाकडून दहा, अपंगनिधीचे पाच, असा हिशेब मांडून तो सांगतो की नवरा इस्पितळात असताना ते घर कमालीचे सुखी होते. तो परतणार म्हटल्यावर त्यांना जवळजवळ वाईटच वाटले.

एवढे धैर्य दाखवूनही लॉरेन्स एके ठिकाणी सुटका करून घेतो असे माझे मत आहे. तो मोरेलला बरा करतो. दुखणे इस्पितळात, घरापासून दूर, बुधवार-शनिवारच्या भेटींपुरते राहते, आणि मग कथानक मुलाकडे वळते. जुनाट वेदनेला कथानकच नसते. कालच्यासारखेच आज दुखते, यावर कादंबरीचे प्रकरण कसे उभे राहणार? मला वाटते, ते आत्मकथनातच उभे राहू शकेल, आणि त्यासाठी लागणारा सूर मराठीत आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त तो आहे: नवऱ्याच्या लहरीपणाने होणारी फरफट सांगतानाही देव्हारा नाही, फिर्याद नाही, आणि हसू कोठेही फुटू शकते.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी लॉरेन्सचा तो भाग यजमानांना मराठीत सांगत वाचून दाखवला. बुटांपाशी ते हसले. त्यापुढचा परिच्छेद मी गाळला आणि पैशांच्या हिशेबावर गेले. त्यांनी कमरेखालची उशी सरकवून घेतली आणि म्हणाले, "अगं, पुस्तक इथेच ठेव. मी वाचीन." ते इंग्रजी सावकाश वाचतात. खूण अजून त्या प्रकरणाच्या अलीकडे आहे.