पंचवीस हर्ट्झ म्हणजे अचूक, असं कोण म्हणालं?

कोल्हापूरचा एक मित्र वर्षातून एक-दोनदा बाइक घेऊन कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर जातो. ट्रॅक २.१ किलोमीटरचा. सोबत १० हर्ट्झचा ब्लूटूथ जीपीएस रिसीव्हर आणि मोबाइलवर लॅप टायमर. परवा त्याचा फोन आला. "टायरमधली हवा दोन पीएसआय कमी केली, सरासरी लॅप ०.१५ सेकंदानं खाली आला. पण दहा हर्ट्झवर भरवसा कसा ठेवायचा? पंचवीसचा घेऊ का भावा?" आणि मागोमाग खरेदीच्या सल्ल्याचे चार-पाच दुवे.

मी ते सगळे वाचले. बहुतेकांत एक तक्ता, पहिल्या रकान्यात हर्ट्झ, आणि ज्याचा आकडा मोठा तो विजेता. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी अशी लिखाणं जरूर वाचावीत, कारण मापनाबद्दल होणारी जवळपास प्रत्येक गफलत त्यांत सापडते.

पहिली गफलत म्हणजे नोंदींचा वेग आणि अचूकता एकच समजणं. हर्ट्झ फक्त एवढंच सांगतो की सेकंदाला किती वेळा स्थान मिळतं. ते स्थान किती बरोबर आहे, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. ताशी १४४ किमी म्हणजे सेकंदाला ४० मीटर. मोबाइल साधारण सेकंदाला एकदाच स्थान देतो, म्हणजे दोन बिंदूंत ४० मीटर अंतर. १० हर्ट्झला ४ मीटर, २५ हर्ट्झला १.६ मीटर. इथपर्यंत तक्ते बरोबर आहेत. पण त्यावरून "१० हर्ट्झची लॅप टाइम ०.१ सेकंदापर्यंतच खरी" असा निष्कर्ष काढतात, तो चूक. अॅप फिनिश लाइनच्या अलीकडचा आणि पलीकडचा बिंदू घेतं, मधे सरळ रेषा धरून ओलांडण्याचा क्षण काढतं. यात किती चूक होते? वेग बदलत असेल तर जास्तीत जास्त त्वरण गुणिले कालांतराचा वर्ग, भागिले आठ. वहीवर करून बघा, बारावीचं गणित आहे. सरळ पट्ट्यावर त्वरण ४ मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं, तर १ हर्ट्झला अर्धा मीटर, म्हणजे सुमारे ०.०१ सेकंद. १० हर्ट्झला अर्धा सेंटीमीटर. पुढे २५ वर जाऊन आपण त्या अर्ध्या सेंटीमीटरला आणखी छाटतो, आणि स्थानातली मूळ त्रुटी असते मीटरमध्ये!

मग १ हर्ट्झ का नको? ब्रेक कुठे दाबला, वळणात कुठून गेलो हे बघायला. ब्रेकचा बिंदू ४० मीटरच्या अंतरात हरवतो. लॅप टाइम हा एक प्रश्न, वळणातली रेषा हा दुसरा. तक्ते दोन्हींना एकाच आकड्याचं उत्तर देतात.

अचूकतेचा रकाना जिथे असतो, तिथे "२.५ मीटर" असं लिहिलेलं दिसतं. हा आकडा कुठून येतो ते बघा. यू-ब्लॉक्सच्या निओ-एम८ मालिकेच्या डेटाशीटमध्ये तो आहे, आणि खाली बारीक टीप: ५० टक्के, २४ तास स्थिर, सहाहून जास्त उपग्रह. म्हणजे निम्मी स्थानं अडीच मीटरच्या वर्तुळाबाहेर पडणार, आणि तीही रिसीव्हर एका जागी ठेवलेला असताना. वळणात कललेल्या बाइकवर, चालकाच्या अंगाआड, तो आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. त्याच मालिकेतल्या एम८क्यूला एकच उपग्रहप्रणाली दिली तर तो १८ हर्ट्झपर्यंत जातो, जीपीएस आणि ग्लोनास एकत्र दिल्या तर १०. मोठा हर्ट्झ हवा तर उपग्रह कमी करा, असा सौदा आहे. खोक्यावर त्यातली एकच बाजू छापतात.

आता गंमत बघा. अडीच मीटरची चूकसुद्धा लॅप टाइममध्ये तशीच उतरत नाही. लॅप टाइम ही वजाबाकी आहे. आयनमंडलामुळे येणारी चूक एक-दीड मिनिटात फारशी बदलत नाही. दोन्ही वेळा रिसीव्हर दोन मीटर पुढे दाखवत असेल तर वजाबाकीत ते उडून जातं. उरतो तो दोन ओलांडण्यांतला फरक. तो अर्धा मीटर धरला तर ४० मीटर वेगाला ०.०१२५ सेकंद, पण ताशी ५४ किमीच्या वळणात, म्हणजे १५ मीटर वेगाला, ०.०३३. म्हणून फिनिश लाइन सर्वांत वेगवान सरळ पट्ट्यावर, रस्त्याला काटकोनात आखायची. हे फुकट आहे, आणि नवीन रिसीव्हरपेक्षा जास्त उपयोगी आहे.

जोडणीचंही बघावं लागतं. जुन्या वायरच्या मॉड्यूलमध्ये ९६०० बॉड असेल तर सेकंदाला ९६० अक्षरंच जातात. स्थान आणि वेगाची दोन वाक्यं मिळून दीडशेच्या आसपास अक्षरं, ती दहा वेळा पाठवायची तर १५०० लागतात. काही नोंदी गळणारच. दोष उपग्रहांचा नाही, नळीचा.

सगळ्यांत जास्त मला खटकला तो पडताळणीचा पुरावा: जीपीएसच्या लॅप ट्रान्सपाँडरच्या लॅपशी ताडल्या आणि सहसंबंध ०.९९. अहो, त्यात वॉर्मअपच्या लॅपही असतील तर वेळा वीस सेकंदांनी वेगळ्या असणार. कोणतंही घड्याळ तिथे ०.९९ देईल! ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये वैद्यकीय मापनांबद्दल नेमकं हेच दाखवलं: दोन पद्धती जुळतात का हे सहसंबंधानं कळत नाही, प्रत्येक जोडीतला फरक काढून त्याची सरासरी आणि पसारा बघावा लागतो. तुमच्या प्रबंधात दोन उपकरणांची तुलना असेल तर ते वाचा, मार्गदर्शकांनी सांगायची वाट बघू नका.

मित्राकडून त्याच्या लॅप मागवल्या. आधीच्या पाच, नंतरच्या पाच. त्याच्या स्वतःच्या लॅपचं प्रमाण विचलन ०.४ सेकंद. पाच-पाच लॅपच्या सरासरीतल्या फरकाची प्रमाण त्रुटी जवळपास ०.२५. त्याचे ०.१५ त्यातच बुडाले. रिसीव्हर १० चा असो की १०० चा, हा पसारा चालकाचा आहे.

त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे मीच कच्चा का?" म्हटलं, लॅप वाढव, हवेचे दोन दाब आलटून पालटून वापर, आणि रिसीव्हर खिशातून काढून शेपटीवर लाव, मोकळ्या आभाळाखाली. पंचवीसवाला त्यानं अजून घेतलेला नाही. कार्टमध्ये मात्र आहे.