नाण्याची प्रत आणि अंकाचा अधिकार

विल्यम हर्बर्ट शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली ‘अर्ली अमेरिकन सेंट्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला व त्यात नाण्यांच्या प्रतवारीसाठी १ ते ७० अशी अंकश्रेणी मांडली. अमेरिकेतील व्यावसायिक प्रतवारी-संस्था आज हीच श्रेणी वापरतात. साहजिकच, नाणे त्यांच्याकडे पाठविण्यापूर्वी त्याची प्रत स्वतः ठरवू पाहणाऱ्या संग्राहकासही ती प्रमाण वाटते. परंतु हा अंक मुळात किमतीचा होता. एखाद्या प्रकारच्या अत्यंत झिजलेल्या सेंटला एक डॉलर पडत असेल, तर त्याच प्रकारच्या निर्दोष सेंटला सत्तर डॉलर पडावेत, हा त्याचा अर्थ. बाजारभावाने हे गुणोत्तर लवकरच मोडले. अंक मात्र टिकला, आणि १९७७ साली अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनच्या प्रमाणग्रंथाने त्याला अधिकृत मान्यता दिली.

अंक कसा ठरवावा हे शिकविणाऱ्या पुस्तकांचे गुणदोषही पाहण्याजोगे आहेत. ब्राउन आणि डन यांच्या, १९५८ साली प्रथम निघालेल्या मार्गदर्शिकेतील रेखाचित्रे झिजेचे नेमके स्थान दाखवितात. मात्र धातूचा पोत त्यांत उमटत नाही. जेम्स रडी यांच्या ‘फोटोग्रेड’ने (१९७०) छायाचित्रे देऊन ही उणीव काही अंशी भरून काढली. तथापि छायाचित्रातील नाणे एका प्रकाशात स्थिर असते. नाणे दिव्याखाली कलते केले असता त्याच्या पृष्ठावरून फिरत जाणारी झळाळी कोणत्याही पुस्तकाच्या पानावर उतरत नाही. आणि वरच्या प्रतींचा निर्णय बहुतांशी तिच्यावरच अवलंबून असतो.

मॉर्गन डॉलरचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. न्यू ऑर्लीन्सच्या टांकसाळीत पाडलेल्या अनेक डॉलरांवर स्वातंत्र्यदेवतेच्या कानावरील केस आणि गरुडाची छाती सपाट दिसते. नवशिका त्यास झीज समजतो. वस्तुतः पुष्कळदा तो ठसा पुरेशा दाबाने न उमटल्याचा परिणाम असतो. सपाट भागावरही झळाळी अखंड असेल, तर दोष ठशाचा. तेथे ती तुटून करडा, निस्तेज डाग दिसत असेल, तर दोष वापराचा. हाताने पाडलेल्या शिवराईच्या बाबतीत हा विवेक अधिकच आवश्यक ठरतो, कारण तिच्यावरील पुष्कळ अक्षरे झिजलेली नसून मुळातच नाण्याच्या कडेबाहेर राहिलेली असतात.

या श्रेणीचा खरा दोष ५८ आणि ६० या अंकांच्या सीमेवर प्रकट होतो. ६० पासून पुढचे अकरा अंक चलनात न फिरलेल्या नाण्यांसाठी राखलेले आहेत. त्यामुळे पिशवीत इतर नाण्यांवर आपटून ओरखड्यांनी भरलेले नाणे ६० ठरते. आणि उंचवट्यांवर पुसटशी झीज असलेले, एरवी देखणे व तेजस्वी नाणे ५८ वर थांबते. येथे श्रेणी नाण्याचा पूर्वेतिहास मोजते व त्याला गुणवत्तेचे नाव देते. घासून चकचकीत केलेल्या नाण्यावर मात्र तिचा निर्णय कठोर असला तरी न्याय्य आहे: असे नाणे ओळखले गेल्यास त्यास सहसा अंकच मिळत नाही, कारण पुसलेला मूळ पृष्ठभाग परत आणता येत नाही.

तेव्हा परीक्षणास पाठविण्यापूर्वीचा अभ्यास म्हणजे केवळ संस्थेच्या अंकाचा अंदाज बांधणे नव्हे. नाणे कडेने धरून, एकाच दिव्याखाली, पाच ते सात पट भिंगातून पाहावे; झीज, ठसा, झळाळी आणि ओरखडे यांचे निष्कर्ष पृथक् लिहावेत; अंक सर्वांत शेवटी लिहावा. असे टिपण हाती असेल तर परत आलेल्या अंकाशी मतभेद झाल्यास तो नेमका कोणत्या मुद्द्यावर झाला, हे कळते. टिपण नसेल तर संग्राहकाजवळ उरतो तो प्लॅस्टिकच्या डबीवर छापलेला अंक. तो अंक चार भिन्न परीक्षणांची बेरीज एका आकड्यात मिटवून टाकतो, आणि त्याच्या आधारे पुढचे नाणे पारखता येत नाही.