'मर्डर', 'वध' आणि 'बिजन'

झांशीच्या इतिहासात दहा महिन्यांच्या अंतराने दोन संहार घडले. ८ जून १८५७ रोजी किल्ल्यातून बाहेर आलेल्या सुमारे साठ युरोपीय स्त्रीपुरुषांना व मुलांना जोखनबागेत कापून काढण्यात आले. ३ एप्रिल १८५८ रोजी सर ह्यू रोझ यांच्या सैन्याने तट ओलांडला आणि त्यानंतर शहरातील रहिवासी घरोघर मारले गेले. इंग्रजी ग्रंथांत 'झांशी मॅसेकर' म्हटले की सहसा पहिलाच प्रसंग अभिप्रेत असतो. दुसऱ्यासाठी हल्ला, पाडाव, शासन अशा अर्थाचे शब्द पुरतात. हा निव्वळ पक्षपात म्हणून सोडून देता येत नाही. वधवाचक इंग्रजी शब्दांचा एक जुना स्वभावच येथे प्रकट झाला आहे.

'मर्डर'च्या मुळाशी असलेला प्राचीन इंग्रजीतील 'मोर्थ' हा शब्द वाटेल त्या मनुष्यवधाला लागत नसे. उघड केलेल्या वधासाठी वेगळे शब्द होते. आजचा 'मॅनस्लॉटर' त्यांच्याच कुळातला. असा वध द्रव्य देऊन मिटविता येई, आणि त्या द्रव्याला 'वेरगिल्ड', म्हणजे माणसाचे मोल, असे नाव होते. वेसेक्सच्या कायद्यात सामान्य स्वतंत्र माणसाचे मोल २०० शिलिंग, तर सरदाराचे १२००. 'मोर्थ' म्हणजे लपवून केलेला वध. त्याला भरपाईच नव्हती. १०६६ नंतर नॉर्मन विजेत्यांनी हाच शब्द लॅटिन वेष देऊन आपल्या कामी लावला. मारेकरी न सापडल्यास 'मुर्द्रुम' नावाचा दंड सबंध परगण्यावर बसे. मात्र मेलेला माणूस इंग्रज असल्याचे सिद्ध झाले की दंड माफ! ही तरतूद १३४० पर्यंत टिकली. म्हणजे ज्यांच्या वंशजांनी झांशीत कोणते मरण मोजावे हे ठरविले, त्या इंग्रजांचेच प्रेत एके काळी स्वतःच्या भूमीवर बिनमोल होते.

मराठीने या बाबतीत फार अभिमान बाळगण्याचे कारण नाही. अफझलखानाचा 'वध' होतो, नारायणराव पेशव्यांचा मात्र 'खून'. फारसीत 'खून' म्हणजे रक्त. मराठीने त्याचा गुन्हा केला. 'हत्या' या शब्दाला पापाचा वास आहे, तर 'वध' या शब्दात कंस आणि कीचक बसलेले आहेत, म्हणून तो उच्चारताच मारणाऱ्याची बाजू अर्धी सिद्ध होते.

या पार्श्वभूमीवर विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'मधील एक शब्द विशेष लक्षणीय ठरतो. वरसईचे हे भिक्षुक वेढ्याच्या वेळी झांशीतच होते आणि शहरातील संहार त्यांनी जीव मुठीत धरून पाहिला. त्याला ते 'बिजन' म्हणतात. हा शब्द फारसी 'बिझन' वरून आला. त्याचा अर्थ 'मार!' असा आहे. ते नाम नव्हे, मूळचे आज्ञार्थी क्रियापद आहे. संतापाच्या भरात हात सुटलेल्या शिपायांचे चित्र या शब्दात बसत नाही. त्यात कुणीतरी हुकूम देणारा उभा असतो. भटजींना ही व्युत्पत्ती ठाऊक असण्याची गरज नव्हती. पेशवाईच्या भाषेतून आलेला शब्द त्यांनी सहज वापरला, आणि त्या शब्दाने त्यांच्याहून अधिक सांगितले. त्याच्या जागी 'हत्याकांड' घालणारा आधुनिक लेखक ही साक्षच पुसून टाकतो. 'हत्याकांड' हा वर्तमानपत्री, सर्वत्र चालणारा आणि म्हणूनच काहीही न सांगणारा शब्द आहे. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली हे पुस्तक प्रसिद्ध करताना भाषेला बराच हात लावला होता. दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ हस्तलिखितावरून पाठ दिल्यावर अशा शब्दांचा विचार करण्यास पक्की भूमी मिळाली.

जोखनबागेपाशी मात्र मराठी लेखणी अडखळते. पारसनीसांच्या १८९४ च्या चरित्रापासून पुढे सारा भर राणी निर्दोष होती हे दाखविण्यावर आहे, आणि तो भर समजण्यासारखा आहे. परंतु राणी निर्दोष ठरली म्हणजे मेलेल्यांची गोष्ट संपली, असे लेखक धरून चालतात. जीवदानाच्या वचनावर बाहेर आलेल्या, मुलेबाळे बरोबर असलेल्या माणसांना मारणे यासाठी बखरींच्या मराठीत 'दगा' हा रोखठोक शब्द आहे. अफझलखानाच्या प्रकरणी तो सहज सुचतो. येथे तो लिहिण्यास हात धजत नाही.