भुतांचं सस्पेन्स खातं

जुन्या हिंदी सिनेमातल्या भुताचं एक बरं असतं. ते वेळेवर येतं. ठोके पडले, वारा सुटला, खिडकीची झडप आपटली की पांढरी साडी नेसून हजर. शिवाय गातं, आणि सुरात गातं. बेसूर भूत मी आजवर ऐकलेलं नाही. आमच्या आळीतल्या भजनी मंडळातले एकदोन आवाज ऐकले की वाटतं, या मंडळींचा सूर देवाने पुढच्या मुक्कामासाठी राखून ठेवला असावा.

ही सगळी काळी-पांढरी भुतं मी गेल्या पावसाळ्यात ओळीने पुन्हा पाहिली. 'महाल' (१९४९), 'मधुमती' (१९५८), 'बीस साल बाद' (१९६२), 'कोहरा' आणि 'वो कौन थी?' (दोन्ही १९६४). घरबसल्या. भुतांना घरी बोलवायची आमच्या पिढीला सवयच आहे. लहानपणी टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी असा एका रात्रीचा संच भाड्याने मिळे. कॅसेट म्हणजे कॉपीच्या कॉपीची कॉपी. त्यात काळं आणि पांढरं यांचं मिळून असं काही पिठलं झालेलं असायचं की भूत कुठलं आणि पडदा कुठला हे पैंजणांवरून ओळखावं लागे. पुढे व्हीसीडी आल्या. एका सिनेमाच्या दोन-तीन तबकड्या. नायिका बंद खोलीची कडी काढते आणि तबकडी संपते. मग उठा, दिवा लावा, दुसरी तबकडी धोतराच्या सोग्याने पुसा. तोवर घरातला प्रत्येक जण पाणी पिऊन येतो, आणि भूत बिचारं दाराआड ताटकळत उभं. त्यातून लोडशेडिंग. काळोखाच्या प्रसंगात वीज गेली तर ती गेली हे कळायलाच दोन मिनिटं लागत.

माझं म्हणणं असं की, हॉरर सिनेमाची याहून कडक परीक्षा नाही. थिएटरात भला मोठा पडदा आणि अंधार असतो, तिथे कोणीही घाबरवेल. घरात शेजारी लसूण सोलला जात असताना जो घाबरवतो, तो सिनेमा खरा.

या परीक्षेत 'महाल' पहिल्या वर्गात पास होतो. कमाल अमरोहींचं हे दिग्दर्शनातलं पहिलंच काम. कॅमेरा जोसेफ विर्शिंग या जर्मन गृहस्थांचा. त्यांनी रचलेल्या सावल्या व्हीसीडीवर निम्म्या बुडाल्या, तरी सिनेमा बुडाला नाही, कारण त्याची भीती डोळ्यांतून येतच नाही, कानांतून येते. लताबाईंचं ते सुप्रसिद्ध गाणं ध्वनिमुद्रित करताना त्यांना माइकपासून दूर उभं करून गात गात जवळ यायला लावलं होतं, असं सांगतात. म्हणून तो आवाज आधी जिन्याच्या पलीकडून येतो, मग खोलीच्या कोपऱ्यातून आणि मग थेट मानेमागून. संगीतकार खेमचंद प्रकाश सिनेमा लागायच्या आधीच वारले. आणि तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या भुताचं! आवाज जिवंत बाईचा, नाव मेलेल्या बाईचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'बीस साल बाद' आणि 'कोहरा' दोन्ही बीरेन नागांचे. हे मुळात कलादिग्दर्शक, त्यामुळे धुकं, दलदल, जिने, झुंबरं यांची चंगळ. पण धुकं ही वस्तू व्हीसीडीला मानवत नाही. तिचे चौकोनी ठोकळे होतात आणि नायक कुणाच्या तरी बांधकामावरून चालल्यासारखा दिसतो. 'कोहरा' तरतो तो ललिताबाई पवारांमुळे. १९४२ साली शूटिंगमध्ये बसलेल्या थपडेने अधू झालेला त्यांचा तो डोळा! त्या नुसत्या दारात उभ्या राहिल्या तरी आमची आई म्हणते, "अरे, आली बघ ही. आता त्या पोरीचं काही खरं नाही." धुकं हवंय कशाला?

'वो कौन थी?'ची सुरुवातीची दहा मिनिटं मात्र कुठल्याही पडद्यावर चालतात. पाऊस, मोटार, रस्त्यात पांढऱ्या साडीतली साधना. पुढचा सिनेमा आपल्याला घाबरवण्यापेक्षा मनोजकुमारला घाबरवण्यात खर्ची पडतो.

आता मुद्द्यावर येतो. आम्हा बँकेतल्या माणसांकडे 'सस्पेन्स' नावाचं एक खातं असतं. ज्या रकमेचा धनी लागत नाही ती तात्पुरती तिथे टाकायची आणि मार्चअखेर शोधून निकाली काढायची. हे सिनेमे नेमके तसेच चालतात. पहिले दोन तास सगळं सस्पेन्सला टाकायचं: पावलं, किंकाळ्या, विझणारे दिवे. शेवटच्या दहा मिनिटांत हिशोब मिळवायचा. गाणारी कोण? जुळी बहीण. नाचवणारा कोण? मृत्युपत्रातला पुढचा वारस. 'वो कौन थी?'मधली सगळी भुताटकी एका इस्टेटीसाठी आहे. डॉक्टर वेडा ठरला की इस्टेट भावकीतल्या दुसऱ्याला. बायकोला ही उकल सांगितली, तर ती म्हणाली, "अहो, याला भुताचा सिनेमा कशाला म्हणायचं? आपल्याकडे याला वाटणी म्हणतात."

खरंच म्हणतात. आमच्या रहिमतपुरात रणदुल्लाखानाची जुनी कबर आहे. तिथून जाताना कोणी रामनाम घेत नाही. लोक टरकतात ते बंद वाड्यांना. आणि गावोगावच्या बंद वाड्यांची कुंडली एकच असते: वारस अकरा, सह्या नऊ, एक भाऊ परदेशी, एक बोलत नाही. तिथे रात्री काही दिसतं, ही बातमी बहुधा ज्याला वाडा स्वस्तात हवा असतो त्याच्याकडून कळते. पडद्यावरच्या हवेलीत आणि या वाड्यात फरक इतकाच की, हवेलीचा निकाल अडीच तासांत लागतो.

पण हा हिशोब इथे मिटत नाही. 'महाल' पुन्हा पाहताना मला खरी बोच लागली ती त्यातल्या भुताच्या पत्त्याची. ही कामिनी शेवटी कोण निघते? माळ्याची मुलगी. मधुबाला तेव्हा सोळा वर्षांची होती. माळ्याच्या मुलीने त्या महालात फुलं ठेवायची आणि मागच्या दाराने जायचं. झोपाळ्यावर बसायचं नाही, मालकाशी बोलायचं तर नावच नको. मेलेल्या कामिनीचं नाव घेतल्याबरोबर तिला सगळा महाल मोकळा! झोपाळा तिचा, जिना तिचा, मालकाची झोपही तिची. 'बीस साल बाद'मध्येही तेच. भुताच्या कहाणीमागे ठाकुराने नासवलेली एक मुलगी आहे आणि सूड घेणारा तिचा बाप. बाप म्हणून तक्रार केली असती तर कोणी दाद दिली असती? भूत म्हटल्यावर अख्खा गाव ऐकतो. ज्यांना घराच्या पुढच्या दाराने यायची मुभा नाही, ते भूत होऊन येतात, असं हे सिनेमे न सांगता सांगतात. मला वाटतं, ते अजून टिकले ते यामुळे. दचकवणं तर दुसऱ्यांदा पाहताना संपतंच.

आणि म्हणूनच 'मधुमती' सगळ्यांच्या वर. कथा ऋत्विक घटकांची, दिग्दर्शन बिमल रॉयांचं. 'महाल'चं संकलन याच बिमलदांनी केलं होतं, तेव्हा हवेलीच्या सगळ्या युक्त्या त्यांना पाठ. इथेही शेवटी तोतया भूत उभं करायचा बेत ठरतो. मधुमतीसारखी दिसणारी मुलगी येईल, उग्रनारायण घाबरेल, पोलीस कबुलीजबाब घेतील. भूत येतं, नेमके प्रश्न विचारतं, कबुली मिळते. आणि मग दारातून ती मुलगी धावत येते, उशीर झाला म्हणून! म्हणजे आधी आली होती ती कोण? बाकी सगळे दिग्दर्शक मार्चअखेरीला खातं शून्यावर आणतात. बिमलदांनी एकच नोंद उघडी ठेवली. मेलेल्या मुलीला स्वतःची साक्ष स्वतः देऊ दिली, दुसरीच्या तोंडून नव्हे.

आता कॅसेटी गेल्या, तबकड्या गेल्या, हे सिनेमे फोनवर तळहाताएवढे दिसतात. तसे पाहिले तरी चालतील, फक्त कानांत नीट ऐकू येऊ द्या. 'वो कौन थी?' मुलांबरोबर पाहा, 'कोहरा' सासूबाईंबरोबर, 'महाल' एकट्याने. 'मधुमती' मात्र वाटणीसाठी जमलेल्या भावकीला एकत्र बसवून दाखवावा. एखादी सही मिळूनही जाईल.